खेळाच्या जागेतले ससे: सार्वजनिक मैदानाची राखण, पायरी पायरीने

मैदानात ससे वाढले की आधी हिरवळीची तक्रार येते, मग फुलझाडांची. तिसरी तक्रार येते तेव्हा एखादं मूल पळता पळता बिळात पाय जाऊन पडलेलं असतं आणि सगळ्यांची धावपळ सुरू होते. ससे पकडणारा माणूस बोलावला जातो, बिळांत माती लोटली जाते. दोन-तीन महिन्यांनी त्याच घसरगुंडीखाली पुन्हा ताजी माती उकरलेली दिसते.

इथे क्रम चुकतो. रिकामं झालेलं बीळ म्हणजे शेजारच्या सशाला आयतं घर. आजूबाजूला आडोसा आणि कोवळं गवत तसंच राहिलं, तर गेलेल्या सशांची जागा भरायला वेळ लागत नाही. म्हणून माझा आग्रह असा, की मुलांचे पाय जिथे पडतात ती जमीन आधी सशांना बंद करावी आणि संख्या कमी करण्याचा विचार त्यानंतर करावा. पुष्कळदा त्या दुसऱ्या कामाची गरजच पडत नाही. माळी, उद्यान विभागातले कर्मचारी, शाळेच्या मैदानाची जबाबदारी असलेले शिक्षक आणि आपल्या भागातल्या बागेची काळजी वाहणारे रहिवासी, या सगळ्यांना डोळ्यांसमोर ठेवून पुढचं लिहिलं आहे.

पायरी १: समोरचा ससा कोणता, ते ओळखा

मराठीत आपण सगळ्यांनाच ससा म्हणतो आणि पहिली गफलत तिथेच होते. सार्वजनिक जागेत दिसणारे ससे साधारण चार प्रकारचे असतात आणि प्रत्येकाशी वागायची रीत वेगळी असते.

जमीन पोखरतो तो युरोपीय ससा. तो मूळचा स्पेन-पोर्तुगालच्या भागातला. माणसाने त्याला जगभर नेलं आणि पाळीव सशांच्या झाडून सगळ्या जाती त्याच्यापासूनच निघाल्या. तो कळपाने राहतो आणि एकमेकांना जोडलेल्या बिळांची वसाहत करतो. अमेरिका खंडातला कापूसशेपट्या ससा सहसा बीळ खणत नाही. गवतात ओंजळीएवढा खळगा करून त्यात मादी पिल्लं ठेवते. तिसरा रानससा, लांब कानांचा आणि लांब पायांचा. तो उघड्यावर गवतात दबून बसतो आणि त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ, उघड्या डोळ्यांची असतात. भारतातल्या रानात दिसणारा ससा या तिसऱ्या गटातला आहे. मैदानात रानससा दिसतो आणि झोपाळ्याच्या खांबाजवळ बीळही आहे, म्हणून ते बीळ त्याच्या माथी मारू नका. उंदीर-घुशींपासून इतर बऱ्याच प्राण्यांचं ते काम असू शकतं.

चौथा प्रकार सोडून दिलेल्या पाळीव सशांचा. पांढरे, काळे, ठिपकेदार, लोंबत्या कानांचे, माणूस जवळ आला तरी न पळणारे ससे दिसले, तर कोणीतरी घरचा ससा मैदानात आणून सोडला आहे हे नक्की समजा. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठाच्या आवारात अशाच सोडलेल्या सशांची संख्या दीड हजाराच्या आसपास गेली होती. २०१० पासून ते पकडून शेकडो ससे आश्रयस्थानांत हलवावे लागले. हेलसिंकीच्या बागांमधले ससेही १९८०च्या दशकात सोडलेल्या पाळीव सशांचेच वंशज आहेत.

ओळख पटली की लगेच कायदा बघा, हात लावायच्या आधी. याबाबतीत जगात दोन टोकं आहेत. ब्रिटनमध्ये १९५४च्या कायद्यानुसार जमीन ज्याच्या ताब्यात, त्याच्यावर सशांचा उपद्रव आवरण्याची जबाबदारी येऊ शकते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात घरात ससा पाळायलाही बंदी आहे. तोच युरोपीय ससा त्याच्या मायभूमीत मात्र इतका कमी झाला आहे की आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने त्याला संकटग्रस्त ठरवलं आहे. रानसशाला कित्येक देशांत संरक्षण आहे. तुमच्या भागातल्या वन्यजीव खात्याला लेखी विचारा आणि उत्तर फाईलला लावून ठेवा. पुढे एखादा रहिवासी जाब विचारायला आला, की हाच कागद कामी येतो.

पायरी २: मोजा, पण संख्येच्या मागे लागू नका

एकूण ससे किती, हा आकडा नेमका कधीच मिळत नाही आणि त्याची गरजही नाही. आपल्याला हवी असते तुलना: गेल्या वर्षीपेक्षा जास्त की कमी, कुंपणानंतर फरक पडला की नाही. ससे पहाटे, तिन्हीसांजेला आणि रात्री बाहेर पडतात. मैदानातला एक ठरावीक रस्ता आखा. वारा-पाऊस नसलेल्या लागोपाठ तीन संध्याकाळी, अंधार पडल्यावर, टॉर्च घेऊन त्या रस्त्याने चाला आणि दिसतील तेवढे ससे नोंदवा. माणूस तोच, वेळ तीच, टॉर्च तोच. वर्षातून दोन-तीनदा एवढं केलं तरी पुरे. मनुष्यबळ कमी असेल तर खुणांवरूनही काम भागतं. न्यूझीलंडमध्ये लेंड्या आणि उकरलेल्या मातीवरून १ ते ८ अशी श्रेणी देण्याची पद्धत रुळलेली आहे.

खरा उपयोग बिळांच्या तपासणीचा होतो. संध्याकाळी प्रत्येक तोंडावर दोन बारीक काटक्या फुलीसारख्या रोवा. सकाळी काटक्या पडलेल्या असतील तर बीळ वापरात आहे. सलग तीन सकाळी त्या जागच्या जागी राहिल्या तर बहुधा रिकामं. ‘बहुधा’ हा शब्द महत्त्वाचा आहे, त्याचं कारण चौथ्या पायरीत येईल.

शहरातल्या बागेत एकच मोठी वसाहत शोधत बसू नका. जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की शहराच्या मध्याकडे यावं तशी बिळं लहान होत जातात आणि जास्त सारखी पसरलेली असतात. दोन-तीन तोंडांचं एखादं बीळ कुंडीमागे, दुसरं साहित्याच्या खोलीखाली, तिसरं उताराच्या झुडपात, अशी त्यांची मांडणी असते.

आणखी एक साधन फार स्वस्त आणि बोलकं आहे. एक मीटर लांब-रुंद जाळीचा पिंजरा, तळ नसलेला, हिरवळीवर खुंट्या मारून पालथा घाला आणि महिनाभर तसाच ठेवा. आत गवत वीतभर वाढलं आणि बाहेर ते जमिनीला चिकटलेलंच राहिलं, तर ससे किती खातात ते कोणालाही दिसतं. आत-बाहेर सारखंच खुरटं असेल, तर दोष मातीचा, सावलीचा किंवा पायांखाली तुडवलं जाण्याचा आहे. सशांवर खर्च करून हिरवळ सुधारणार नाही. अधिकाऱ्यांना पटवायला दहा पानी अहवालापेक्षा हा पिंजरा जास्त उपयोगी पडतो.

कुरतडलेल्या रोपांचंही असंच. सशाने तोडलेली काडी चाकूने तिरकी छाटल्यासारखी स्वच्छ असते. हरणाने ओढलेली काडी फाटलेली, धागे निघालेली असते.

पायरी ३: नकाशावर तीन रंग भरा

मैदानाचा साधा हाताने काढलेला नकाशा घ्या. खेळण्यांच्या खालची जागा आणि त्यावरून मूल पडलं तर जिथवर जाईल ती जागा लाल रंगाने भरा. वाळूचा हौदही लालच. इथे एकही बीळ, एकही खळगा चालणार नाही. मुलं जिथे पळतात, चेंडू खेळतात ती मोकळी हिरवळ पिवळी. इथे ससे चरायला आले तर येऊ देत, पण खळगा दिसला की त्याच आठवड्यात भरायचा. उरलेल्या कडा, उतार, झाडांखालची झुडपं हिरव्या रंगात. हा भाग सशांचा.

हिरव्या भागाला काही लोक कडाडून विरोध करतात. त्यांचं म्हणणं मला समजतं, तरी मी हिरवा भाग ठेवायलाच सांगतो. ससा आडोशापासून फार लांब जात नाही. त्याचं चरणं बिळाच्या जवळपास सर्वांत जास्त असतं आणि दूर जावं तसं विरळ होतं. म्हणजे त्याला लांबच्या कोपऱ्यात सुखाने राहू दिलं, तर खेळण्यांजवळचा त्रास आपोआप घटतो. शिवाय त्याच्या चरण्यावर इतर जीव अवलंबून असतात. ब्रिटनमध्ये १९५३ साली मिक्झोमॅटोसिस हा सशांचा रोग पोहोचला आणि बहुतेक सगळे ससे मेले. चरणारं कोणी उरलं नाही, उतारांवरचं गवत वाढलं, जमीन थंड झाली. आखूड गवतातल्या उबदार मातीत राहणारी एक तांबडी मुंगी कमी झाली आणि तिच्या वारुळात वाढणारं मोठं निळं फुलपाखरू १९७९ साली तिथून नाहीसं झालं. पुढे ते बाहेरून आणून पुन्हा वसवावं लागलं.

पायरी ४: लाल भाग आधी सुरक्षित करा

हे काम मोजणी आणि नकाशा पुरा व्हायची वाट बघत नाही. सकाळी मुलं यायच्या आत घसरगुंडीच्या पायथ्याशी गुडघे टेकून बघा. खांब जमिनीत शिरतो तिथली माती एका बाजूने खचली आहे का? हात घातला तर सिमेंटचा पाया उघडा लागतो का? बाजूला गोल, वाटाण्यापेक्षा थोड्या मोठ्या, कोरड्या लेंड्या विखुरल्या आहेत का? पाया उघडा पडला असेल तर ते खेळणं त्या क्षणी बंद करा, भोवती दोर लावा आणि तंत्रज्ञाला दाखवल्याशिवाय उघडू नका. खांबाला धक्का देऊन ‘हलत नाही’ म्हणणं पुरेसं नाही. मुलं झोपाळ्याला किती जोर लावतात ते आपल्याला माहीत आहे.

खेळण्याखाली वाळू, बारीक खडी, लाकडी चिपा किंवा झाडाची साल टाकलेली असेल, तर धोका कमी दिसतो आणि असतो जास्त. युरोपीय मानकानुसार २ मीटरपर्यंतच्या उंचीसाठी या थराची जाडी किमान २० सेंटिमीटर आणि ३ मीटरपर्यंत ३० सेंटिमीटर लागते. पायांनी इकडेतिकडे सरकतं म्हणून वर आणखी १० सेंटिमीटर धरायचे. आता विचार करा, भुसभुशीत थरात सशाने एका रात्रीत वीतभर उकरलं तर खाली काय उरतं? कडक जमीन. पडणाऱ्या मुलाला झेलायला ठेवलेला थर नेमका त्या जागी नसतो आणि लांबून बघणाऱ्याला सगळं सपाट दिसतं. म्हणून प्रत्येक खांबावर थराच्या योग्य पातळीची ठळक रेघ मारून ठेवा. रोज सकाळी फावड्याने सारखं करताना रेघ दिसली पाहिजे आणि साहित्य तिला टेकलं पाहिजे. रबरी फरशी असेल तर तिच्या कडा बोटांनी उचलून बघा. ससे कडेखालून शिरतात, खालची माती काढतात आणि वर फरशी तशीच अधांतरी राहते.

आता बिळं बुजवण्याबद्दल. इथे घाई केली तर जिवंत पिल्लं गाडली जातात, आणि हे मी अगदी कळकळीने सांगतो, कारण करणाऱ्याला बहुतेक वेळा त्याचा पत्ताही नसतो. युरोपीय सशाची मादी पुष्कळदा मुख्य वसाहतीपासून बाजूला एक आखूड बीळ खणते. त्यात गवत आणि स्वतःच्या पोटाचे केस अंथरते, पिल्लं ठेवते आणि बाहेर पडताना तोंड मातीने लिंपून टाकते. पाजायला ती दिवसातून एकदा, काही मिनिटांपुरती येते. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला ते बीळ बंद, जुनं, रिकामं वाटतं. ताजी, हाताने थोपटल्यासारखी माती आणि तिच्यात अडकलेले मऊ केस दिसले तर ते बीळ सोडून द्या. पिल्लं जन्मतः आंधळी आणि बिनकेसांची असतात, दहाव्या दिवसाच्या सुमारास डोळे उघडतात आणि साधारण चार आठवड्यांत स्वतः खाऊ लागतात. एक महिना भोवती तात्पुरती जाळी उभी करा, मादीला जायला वाट ठेवा, मुलांना लांब ठेवा. ते खेळण्याच्या पायालाच असेल आणि थांबणं शक्य नसेल, तर वन्यप्राण्यांचं काम करणाऱ्या पशुवैद्याला बोलवा.

नक्की रिकामं आहे अशी खात्री झाली की वरवर माती लोटू नका. तोंड फावड्याने उघडं करा, पोकळी जिथवर जाते तिथवर खणत जा, मग १५-१५ सेंटिमीटरचे थर टाकून प्रत्येक थर धुमसाने ठोका. शेवटचा थर पडण्याआधी गंजरोधक जाळीचा तुकडा तोंडापेक्षा चारही बाजूंनी हातभर मोठा कापून आडवा अंथरा, खुंट्या मारा आणि वर हिरवळ लावा. नुसती भुसभुशीत माती टाकली, तर पुढच्या सशाचं निम्मं खणणं आपणच करून ठेवतो.

पायरी ५: कुंपण, नीट केलं तरच

संपूर्ण मैदानाला कुंपण घालायचा मोह टाळा. लाल भाग तेवढा वेढा. तो लहान असतो, खर्च आवाक्यात राहतो आणि दुरुस्ती रोजच्या फेरीत होते.

षटकोनी तारेची जाळी घ्या, छिद्र ३१ मिलिमीटरपेक्षा मोठं नको, कारण लहान पिल्लू त्याहून मोठ्या छिद्रातून सहज निसटतं. जमिनीवर उंची ७५ ते ९० सेंटिमीटर. खरं काम खालच्या कडेला आहे. जाळीचा निदान १५ सेंटिमीटर पट्टा बाहेरच्या बाजूला, म्हणजे ससे जिकडून येतात तिकडे, काटकोनात वळवा आणि जमिनीवर घट्ट खुंटवा किंवा गवताखाली पुरा. ससा कुंपणाला नाक लावून अगदी पायथ्याशी खणायला लागतो आणि त्याच्या पायांखाली ही आडवी जाळी येते. मागे सरकून खणावं हे त्याला सहसा सुचत नाही. काही आठवड्यांत गवत जाळीतून वर येतं आणि पट्टा दिसेनासा होतो. तोवर मात्र गवत कापायचं यंत्र त्यावरून नेऊ नका. सैल राहिलेली एक तार पात्यात अडकली तर जाळी उखडते आणि माणसालाही इजा होते.

मुलांच्या जागेत आणखी काळजी लागते. तारेची कापलेली टोकं आत दुमडा आणि वरच्या कडेवर लाकडी पट्टी ठोका. काटेरी तारेचं नावही काढू नका. फाटकाखालची फट ३ सेंटिमीटरपेक्षा कमी हवी, म्हणून फाटकाखाली फरशी किंवा काँक्रीटचा उंबरा करा. नाहीतर पहिल्याच पावसात माती वाहून जाते आणि वाट मोकळी होते. फाटक आपोआप लागणारं असावं, पण बिजागरीच्या फटीत लहान बोटं चेमटणार नाहीत एवढी जागा ठेवून.

शेवटचं फाटक लावण्याआधी आत ससा राहिला नाही ना, हे काटक्यांच्या तपासणीने पुन्हा बघा. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९०१ ते १९०७ या काळात सशांना अडवायला तीन कुंपणं बांधली गेली, मिळून ३,२५० किलोमीटरहून लांब. पहिलं पुरं होण्याआधीच ससे त्याच्या पलीकडे पोहोचले होते, म्हणून पुढची बांधावी लागली. आपल्या वीस मीटरच्या कुंपणाचंही असंच होतं, आत एक गाभण मादी राहिली की.

पायरी ६: आडोसा आणि खाणं

लाल भागाच्या आसपास जमिनीला टेकलेली झुडपं खालून हातभर छाटा, म्हणजे खालून आरपार दिसेल. पक्ष्यांची घरटी नाहीत ना, ते आधी बघा. लाकडांचे ओंडके, पालापाचोळ्याचे ढीग हलवा. साहित्याची खोली विटांच्या ठोकळ्यांवर उभी असेल, तर तिच्या खालची अंधारी, कोरडी पोकळी सशाला फार आवडते. तिला खालपर्यंत जाळी लावा आणि कुंपणासारखाच पट्टा बाहेर वळवा. नव्या झाडांच्या बुंध्यांना ६० ते ९० सेंटिमीटर उंच जाळीचं नळकांडं घाला, खोडाला घासणार नाही इतकं सैल.

खाऊ घालण्याचं काय? यावर मी कडक आहे. जपानमधलं ओकुनोशिमा बेट सशांमुळे प्रसिद्ध झालं, पर्यटक पिशव्या भरभरून खाणं नेऊ लागले आणि लहानशा बेटावर शेकडो ससे झाले. गर्दी असते तेव्हा खाणं उतू जातं, पाहुणे नसतात तेव्हा एवढ्या सशांना ते पुरत नाही. मैदानातही सुट्टीच्या दिवशी हेच होतं. गवत खाण्यासाठी बनलेल्या पोटात पाव आणि बिस्किटं गेली की ससा आजारी पडतो, आणि माणसाला सोकावलेला ससा खेळण्यांजवळच घर करतो. फलकावर नुसतं ‘खाऊ घालू नये’ लिहिलं तर कोणी ऐकत नाही. ‘तुम्ही दिलेल्या खाण्याने हा ससा आजारी पडतो’ असं लिहिलं की मुलंच आई-बाबांचा हात धरतात.

पायरी ७: संख्या कमी करायचीच असेल तर

इथवर सगळं करूनही दोन मोसमांच्या नोंदींत आकडा चढताच दिसला, तरच या पायरीवर या.

आधी सशाचं गणित समजून घ्या. गर्भकाळ सुमारे ३० दिवसांचा, एका वेळी साधारण तीन ते सात पिल्लं, आणि व्यायल्यानंतर काही तासांत मादी पुन्हा गाभण राहू शकते. पण रानात बहुतेक पिल्लं वर्षही पुरं करत नाहीत. शिकारी, रोगराई, ओल आणि उपासमार त्यांना गाठतात. म्हणून भर मोसमात, चहूकडे पिल्लं दिसत असताना पकडापकडी केली, तर एरवीही न जगलेले ससे कमी होतात आणि वर्षअखेरीला फरक दिसत नाही. विणीच्या आधीचा काळ निवडा. तेव्हा संख्या सर्वांत कमी असते, झाडोरा विरळ असतो आणि टिकून राहिलेले ससे हेच पुढच्या पिढीचे आईबाप असतात.

सार्वजनिक जागेत मला योग्य वाटतो तो जिवंत पकडण्याचा पिंजरा, प्रशिक्षित माणसाच्या हातून. पहिले पाच-सहा दिवस पिंजऱ्याचं दार बांधून उघडं ठेवा आणि आत गाजराचे तुकडे टाका, म्हणजे ससे निर्धास्त होतात. मग संध्याकाळी दार सज्ज करा आणि पहाटे तपासा. दिवसभर सापळा लावून सोडू नका, उन्हात ससा लवकर दगावतो. सापडल्यावर पिंजऱ्यावर कापड टाका, अंधारात तो शांत होतो. रानातला ससा दुसरीकडे नेऊन सोडणं ऐकायला दयाळू वाटतं, पण अनोळखी जागेत त्याला बीळ नसतं, रोग इकडचा तिकडे जातो आणि बऱ्याच ठिकाणी ते बेकायदा आहे. सोडलेल्या पाळीव सशांची गोष्ट निराळी. त्यांना पकडून, नसबंदी करून घर किंवा आश्रयस्थान मिळवून देता येतं. बाहेरून नवे ससे येत नसतील अशा बंदिस्त आवारात नसबंदी कामी येते, उघड्या मैदानात नाही.

बिळात विषारी वायू सोडणाऱ्या गोळ्या खेळाच्या जागेच्या आसपास कधीही नकोत, कोणी कितीही स्वस्तात करून देतो म्हणाला तरी. ॲल्युमिनियम फॉस्फाइडला ओल लागली की फॉस्फिन वायू सुटतो आणि तो जमिनीतल्या फटींतून वाट काढतो. २०१० साली अमेरिकेतल्या यूटा राज्यात एका घराजवळ कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या बिळांत असं औषध टाकलं गेलं आणि त्या घरातल्या दोन चिमुकल्या बहिणींचा जीव गेला. त्यानंतर तिथे या गोळ्यांवरचे नियम कडक झाले. विषारी आमिषही तसंच. मुलं आणि कुत्री ते उचलतात, आणि मेलेला ससा खाणारा पक्षीही मरतो.

रोग पसरवण्याचा विचार तर मनातही आणू नये. १९५२ साली फ्रान्समध्ये पॉल-फेलिक्स आर्मां-देलिय या निवृत्त डॉक्टरांनी आपल्या बंदिस्त जमिनीवर दोन सशांना मिक्झोमॅटोसिसची लागण केली. पुढच्याच वर्षी तो रोग खाडी ओलांडून ब्रिटनमध्ये दिसला आणि पश्चिम युरोपभर ससे सुजलेल्या, बंद डोळ्यांनी मरत पडले.

पायरी ८: आरोग्य

भीतीचं वातावरण करू नका. मिक्झोमॅटोसिस आणि सशांचा रक्तस्रावी रोग माणसाला होत नाहीत. तरीही काळजी दोन बाबतींत घ्यायची. २००८ साली इंग्लंडमध्ये शुद्ध केलेल्या पाण्याच्या टाकीत एक ससा शिरला आणि त्याच्यातल्या क्रिप्टोस्पोरिडियम या सूक्ष्म परजीवीमुळे नळाचं पाणी पिणाऱ्यांना जुलाब झाले. तेव्हा वाळूच्या हौदावर रात्री ताणून बसणारी जाळी घाला, सकाळी लेंड्या वेचून काढा आणि मुलांना हात धुवायला पाण्याची सोय जवळ ठेवा. पिण्याच्या पाण्याची टाकी बंदिस्त आहे ना, तेही बघा.

दुसरी काळजी काम करणाऱ्यांची. टुलरेमिया हा जिवाणूंचा रोग उत्तर गोलार्धात सशांमध्ये आढळतो. गोचिडीमुळे, मेलेला ससा हाताळल्याने आणि कधी हवेतूनही तो माणसाला होतो. २००० सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर त्याची साथ आली, तेव्हा गवत आणि झुडपं कापण्याच्या कामाशी तिचा संबंध दिसला. हा रोग असलेल्या भागात यंत्र चालवण्याआधी माळ्याने गवतातून एक चक्कर मारावी आणि मेलेला ससा दिसला तर हातमोजे घालून, दुहेरी पिशवीत उचलावा. एका आठवड्यात दोन-तीन मेलेले दिसले तर पशुवैद्यकीय खात्याला कळवा.

पायरी ९: मुलांना सामील करून घ्या

मोजणीच्या संध्याकाळी चार-पाच मुलांना बरोबर घ्या. टॉर्चच्या उजेडात चमकणारे डोळे मोजणं त्यांना फार आवडतं, आणि बीळ कुठे नवं झालं हे मोठ्यांच्या आधी त्यांनाच कळतं. बीळ दिसलं तर पाय न घालता कुणाला सांगायचं, हे त्यांना शिकवून ठेवा.

मुलांना गवतात पिल्लं सापडली की ती उचलून आणतात, ‘आई सोडून गेली’ म्हणतात. आई गेलेली नसते, ती तिन्हीसांजेची वाट बघत असते. पिल्लं होती तिथेच परत ठेवा, वरचं गवत आणि केस पूर्ववत पसरा. कापूसशेपट्या सशाच्या उघड्या खळग्यावर चार-पाच दोऱ्यांची सैल जाळी आडवी ठेवा. दुसऱ्या सकाळी दोरे विस्कटलेले असतील तर आई येऊन गेली. भोवती झेंड्या लावा, तिथलं गवत तीन आठवडे कापू नका. त्यानंतर खळगा आपोआप रिकामा होतो. दोरे जसेच्या तसे राहिले आणि पिल्लं थंड, सुरकुतलेली वाटली, तरच वन्यप्राणी सांभाळणाऱ्यांना फोन करा. घरी नेऊन दूध पाजू नका.

नोंदवही

एक वही ठेवा, ती साहित्याच्या खोलीत खिळ्याला टांगा. रोज सकाळी लाल भागाची नजरेने पाहणी, खांबावरची रेघ आणि फाटकाचा उंबरा. दर आठवड्याला कुंपणाची पूर्ण फेरी, हाताने जाळी दाबत. दर एक ते तीन महिन्यांनी खेळण्यांची बारकाईने तपासणी, आणि वर्षातून एकदा बाहेरच्या जाणकाराकडून. मोठ्या पावसानंतर कुंपणाची फेरी त्याच दिवशी, आठवड्याची वाट न बघता. बिळाची नोंद करताना तारीख, नकाशावरची जागा आणि काटक्यांचा निकाल लिहा, आणि बुजवलं असेल तर कोणी बुजवलं त्याचं नावही. त्याच जागी तिसऱ्यांदा बीळ झालं की फावडं बाजूला ठेवा आणि आडोसा कुठे राहिला आहे, ते शोधा.